लांडगा कोळी पाळावा का, आणि पाळायचा असल्यास कसा?

मृद्गंध (प्रश्न)

सर्व सभासदांस नमस्कार.

बागेतील कीटक आणि कोळी न्याहाळण्याचा मला जुना छंद आहे. त्यांपैकी कोणाला घरात आणून ठेवण्याचा विचार मात्र आजवर मनात आला नव्हता. अलीकडे कुंड्यांच्या आडोशाला, पालापाचोळ्यात, एक मोठा करडा-तपकिरी कोळी वारंवार दिसू लागला आहे. तो जाळे विणत नाही. दिवसा दगडाखाली दडून राहतो आणि अंधार पडल्यावर जमिनीवर धावून भक्ष्य पकडतो. कपाळाशी विजेरी धरून पाहिले की त्याचे डोळे हिरवट चमकतात. छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर डोळ्यांच्या तीन ओळी स्पष्ट दिसल्या : खाली चार बारीक डोळे, त्यांच्या वर समोर पाहणारे दोन मोठे डोळे आणि त्यामागे माथ्याकडे आणखी दोन. त्यावरून हा लायकोसिडी कुळातील लांडगा कोळीच असावा, असे मला वाटते. पाय सोडून शरीराची लांबी सुमारे दोन सेंटीमीटर भरेल.

त्याला काचेच्या पेटीत ठेवून जवळून अभ्यासावे अशी इच्छा आहे. अजून पकडलेला नाही. आधी जाणकारांकडून समजून घ्यावे असे ठरवले. पेटी केवढी असावी, माती किती आणि कोणती घालावी, खाणे काय आणि किती दिवसांनी द्यावे, हे तर विचारायचे आहेच. घरात लहान मूल असल्यामुळे चाव्याविषयीही खात्रीची माहिती हवी आहे, कारण त्याबद्दल वाचायला मिळणारा मजकूर परस्परविरोधी आहे. शिवाय मोकळा हिंडणारा प्राणी असा बंद करून ठेवणे त्याच्या दृष्टीने कितपत योग्य आहे, याबद्दलही अनुभवी मंडळींनी मनमोकळेपणाने लिहावे, अशी विनंती आहे.

---

अष्टपाद

मृद्गंध, पकडण्याआधी विचारलेत हे फार चांगले केलेत. पेटीकडे वळण्यापूर्वी आपला कोळी नर आहे की मादी, आणि प्रौढ आहे की अजून वाढीचा, हे ठरवा, कारण पुढचे बहुतेक निर्णय त्यावर अवलंबून आहेत. तोंडाच्या दोन्ही बाजूंना आखूड पायांसारखी दोन अंगे असतात. त्यांची टोके ठळकपणे फुगीर दिसत असतील, तर तो प्रौढ नर आहे. असा नर पकडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रौढ झाल्यावर तो खाण्यापेक्षा मादी शोधत भटकण्यातच उरलेले आयुष्य घालवतो, आणि ते आयुष्य बहुधा त्या हंगामापुरतेच असते. पेटीत तो भिंतीच्या कडेने अखंड फिरत राहतो. त्यातून आपल्याला काही शिकायला मिळत नाही आणि त्याचीही संधी हुकते. ती टोके बारीक असतील, तर तो मादी किंवा वाढीचा कोळी आहे आणि पाळण्यास योग्य आहे. या कुळात २,४०० हून अधिक जाती आहेत, त्यामुळे आयुर्मानाचा एकच आकडा देता येत नाही. लहान जाती साधारण वर्षभर जगतात. मोठ्या जातींच्या माद्या दोन-तीन वर्षे, तर दक्षिण युरोपातील ‘लायकोसा टॅरँट्युला’ या जातीच्या माद्या चार वर्षांपर्यंतही जगतात.

आता पेटीविषयी. हा जमिनीवरचा प्राणी असल्यामुळे उंचीपेक्षा तळाचे क्षेत्र महत्त्वाचे आहे. पाय पसरलेल्या कोळ्याच्या तिप्पट लांबी आणि दुप्पट रुंदी एवढी जागा किमान द्यावी. त्याहून मोठी पेटी दिल्यास तो तिचा वापर करतो. मातीच्या वर मोकळी उंची मात्र फार ठेवू नये. त्याचे पोट नाजूक असते, विशेषतः नुकतेच भरपेट खाल्लेले असताना, आणि उंचावरून कठीण वस्तूवर पडल्यास ते फुटून कोळी मरू शकतो. स्वच्छ काचेवर मोठ्या लांडगा कोळ्यांना सहसा नीट चढता येत नाही; पण काचेच्या टाकीच्या कोपऱ्यांत लावलेल्या सिलिकॉनच्या पट्टीवरून ते सहज वर जातात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. म्हणून झाकण घट्ट बसणारे हवे. हवेसाठी समोरासमोरच्या दोन भिंतींना बारीक छिद्रे असावीत, म्हणजे हवा आरपार खेळते आणि बुरशी धरत नाही.

मातीच्या बाबतीत थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते सगळा खेळ तिथेच आहे. नुसते कोकोपीट घातले तर ते वाळल्यावर भुसभुशीत होते आणि कोळ्याने खणलेले बीळ ढासळते. कीटकनाशक किंवा रासायनिक खत न पडलेली बागेची माती, कोकोपीट आणि थोडी वाळू असे मिश्रण करून ते हाताने दाबून बसवावे. मूठ आवळल्यावर गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये, इतका ओलावा ठेवावा. आपल्या कोळ्याच्या आकाराला आठ ते दहा सेंटीमीटर खोली पुरेशी होईल. एका कोपऱ्यात बोटाने तिरके भोक पाडून त्यावर सालीचा तुकडा ठेवला, तर कोळी अनेकदा तेच पुढे खणून आतून रेशमाचे अस्तर लावतो. पेटीचा एक भाग ओलसर आणि दुसरा कोरडा ठेवा, म्हणजे स्वतःला मानवेल ती जागा तो स्वतः निवडेल. वर वाळलेली पाने पसरावीत. ती केवळ शोभेची नसतात : या कुळातील अनेक नर मादीला आपली चाहूल देण्यासाठी अंग आणि पाय जमिनीवर आपटून कंपने निर्माण करतात, आणि वाळक्या पानांवरून ती उत्तम पोहोचतात. काही जातींत हा आवाज माणसालाही ऐकू येतो. ज्या पृष्ठभागावर हा प्राणी राहतो तोच त्याचा कान आहे, म्हणून पेटी वारंवार उचलू नये आणि धडधडणाऱ्या यंत्राजवळ ठेवू नये.

पाण्यासाठी उथळ वाटी आणि तीत बारीक खडे, एवढे पुरते. वाटीत स्पंज ठेवण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी; त्यात जिवाणू वाढतात आणि उपयोग काही होत नाही. तापमान २० ते २७ अंश सेल्सिअस असेल तर वेगळ्या उष्णतेची गरज नाही. तळाखाली ठेवायची गरम चटई तर मुळीच वापरू नये. उकाडा झाला की हा कोळी खाली खणत जातो, आणि चटई तळाशी असेल तर तो निवाऱ्याच्या शोधात अधिकच गरम जागी जाऊन पोहोचतो.

एक गोष्ट तपासून घ्या. आपल्या कोळ्याच्या लपण्याच्या जागेपासून जमिनीलगत पसरलेले, नसराळ्याच्या आकाराचे पातळ जाळे निघत असेल, तर तो हिप्पासा या प्रजातीचा असू शकतो. लांडगा कोळ्यांच्या कुळात असूनही ही मंडळी जाळे विणतात, आणि त्यांना जाळे ताणण्यासाठी काड्या व दगड द्यावे लागतात.

---

रातवा

चाव्याविषयी लिहितो. लांडगा कोळ्याला विष असते, आणि मोठ्या जातींचे विषदंत माणसाची कातडी भेदू शकतात. मात्र तो आपणहून अंगावर येऊन चावत नाही. हाताखाली, कपड्यात किंवा बुटात दाबला गेला, अथवा बोटांत धरला गेला, तर चावतो. चावा घेतलेल्या जागी वेदना, लाली, थोडी सूज आणि खाज येते, आणि बहुतेकांना काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत आराम पडतो.

आपल्याला परस्परविरोधी मजकूर का सापडला, त्याचे कारण ठाऊक असलेले बरे. लांडगा कोळ्याच्या चाव्याने मांस सडते आणि जखम चिघळते, असा समज दक्षिण अमेरिकेत दीर्घकाळ होता, आणि तो वैद्यकीय लिखाणातही शिरला होता. ब्राझीलमधील साओ पाउलो येथे खात्रीने लांडगा कोळ्यांनीच चावलेल्या ५१५ रुग्णांचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुख्य तक्रार वेदनेची होती, आणि मांस सडल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. तो दोष अन्य कोळ्यांचा होता आणि तो यांच्या माथी मारला गेला होता. जुन्या पुस्तकांवरून उतरवलेला मजकूर अजूनही फिरत असल्यामुळे हा गोंधळ होतो.

यावरून कोणताही तपकिरी कोळी निर्धास्तपणे पकडावा, असा अर्थ काढू नये. ओळख पक्की हवी. ज्यांच्या चाव्याने खरोखर जखम चिघळू शकते त्या रिक्लूज कोळ्यांना सहाच डोळे असतात, तेही दोन-दोनच्या तीन जोड्यांत. आपण दिलेले आठ डोळ्यांचे वर्णन मात्र लांडगा कोळ्याशी नेमके जुळते. तरीही पकडण्यापूर्वी स्पष्ट छायाचित्र कोळ्यांच्या एखाद्या अभ्यासकाला दाखवून घ्यावे, असे मी सुचवीन.

चावल्यास जागा साबण आणि पाण्याने धुवावी आणि थंड पट्टी ठेवावी. श्वास लागणे, चेहरा किंवा ओठ सुजणे, अंगभर पित्त उठणे यांपैकी काही दिसले, तर ती ॲलर्जीची लक्षणे असू शकतात आणि तातडीने रुग्णालय गाठावे. काही दिवसांनी लाली पसरत गेली किंवा पू झाला, तर जंतुसंसर्गाच्या शक्यतेने डॉक्टरांना दाखवावे.

लहान मुलाच्या बाबतीत नियम एकच ठेवावा : पाहायचे, पण झाकण उघडायचे नाही. हा नियम मुलाइतकाच कोळ्याच्याही हिताचा आहे. हा कोळी हातावर घेण्याजोगा नाही. तो अतिशय चपळ आहे, हातावरून क्षणात निसटतो आणि खाली पडतो. पाय तुटला तर वाढीच्या कोळ्याला पुढच्या काती टाकताना तो पुन्हा येतो. परंतु प्रौढ झाल्यावर लांडगा कोळी कात टाकत नाही, त्यामुळे प्रौढाचा गेलेला पाय कायमचा जातो. जागा बदलायची असल्यास त्याच्यावर पारदर्शक पेला उपडा ठेवून खालून जाड कागद सरकवावा, किंवा मऊ कुंचल्याने मागून हलकेच ढकलावे. हात लागण्याची वेळच येत नाही.

---

पानगळ

आपण अखेरीस जो प्रश्न विचारला आहे, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लांडगा कोळी पाळण्याला माझा सरसकट विरोध नाही, पण पुष्कळदा पाळण्याची गरजच नसते, असे मी म्हणेन. आपला कोळी रोज त्याच कुंड्यांच्या आसपास दिसतो आहे. ठरावीक वेळी, मंद तांबड्या प्रकाशात, थोड्या अंतरावर शांत बसलात तर त्याची शिकार, पाणी पिणे, पाय आणि तोंडाजवळची अंगे स्वच्छ करणे हे सारे तिथेच पाहता येईल. पेटीत आपण रातकिडा समोर टाकतो, म्हणून शिकारीचा शेवटचा झेप घेण्याचा क्षण तेवढा दिसतो. पण तो कोणत्या जागी दबा धरतो, काय सोडून देतो, कोणाला घाबरून मागे सरतो, हे बाहेरच कळते.

दुसरे म्हणजे, आपल्या परिसरातील नेमकी जात कोणती हे माहीत नसताना ती उचलू नये. या कुळातील काही जाती अतिशय चिमुकल्या प्रदेशात उरलेल्या आहेत. हवाई बेटांपैकी काउआई येथील लाव्हाच्या गुहांमध्ये राहणारा एक लांडगा कोळी पूर्णपणे नेत्रहीन आहे, आणि तो जगात अन्यत्र कुठेही आढळत नाही. अटलांटिक महासागरातील पोर्तुगालच्या मदेइरा बेटाजवळच्या देझेर्ता ग्रांदे या बेटावरील ‘होग्ना इंजेन्स’ हा मोठा, काळा-पांढरा कोळी तिथल्या एकाच दरीत शिल्लक आहे, आणि बाहेरून आलेल्या एका गवताने त्याच्या लपण्याच्या जागा झाकून टाकल्या आहेत. आपल्याकडच्या कोळ्याची गत तशी नसेलही, परंतु संरक्षित क्षेत्रातून काहीही उचलायचे नाही आणि आपल्या भागातील वन्यजीवविषयक नियम आधी पाहायचे, एवढे तरी पाळावे.

त्याच ‘होग्ना इंजेन्स’ची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१६ मध्ये काही कोळी इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन त्यांची पैदास सुरू करण्यात आली आणि पुढच्या वर्षी तिथे मोठ्या संख्येने पिल्ले जन्माला आली. माती, ओलावा, खाद्य, कात टाकण्याचा काळ यांविषयीचे जे ज्ञान पाळणारे लोक जमवतात, तेच अशा वेळी कामाला येते. म्हणून पाळायचेच असेल तर नोंदी ठेवून पाळावे. बागेतून घेतलेला कोळी काही काळ पाहून, हवामान अनुकूल असताना, जिथून उचलला त्याच दगडापाशी सोडता येतो. विकत घेतलेला किंवा दुसऱ्या प्रदेशातून आणलेला कोळी मात्र कधीही बाहेर सोडू नये.

---

मृद्गंध

सर्वांचे मनापासून आभार. इतके सविस्तर उत्तर मिळेल असे वाटले नव्हते. पानगळ यांच्या सूचनेप्रमाणे मी गेले काही दिवस तिथेच बसून निरीक्षण करतो आहे, आणि आता एक नवीच गोष्ट घडली आहे. कोळ्याच्या पोटाच्या टोकाला वाटाण्याएवढा, मळकट पांढरा गोळा चिकटलेला दिसतो आहे. म्हणजे ती मादी आहे आणि ती अंड्यांची पिशवी आहे, हे उघड आहे. या अवस्थेत तिला आत आणावे का? पिल्ले झाल्यावर त्यांतील काही वाढवता येतील का? खाण्याच्या प्रश्नाचे उत्तरही अजून राहिले आहे.

---

कातीण

मृद्गंध, अभिनंदन. या कुळातला सर्वांत पाहण्यासारखा काळ आपल्यासमोर आला आहे, आणि माझा आग्रह आहे की मादीला आत्ता हलवू नका.

त्या गोळ्याची रचना समजून घेतली, तर पुढे काय पाहायचे हे कळेल. मादी आधी रेशमाची एक चकती विणते, तिच्यावर अंडी घालते, वरून दुसरे आवरण विणते आणि कडा जुळवून गोळा बंद करते. त्यामुळे त्याच्या मध्याभोवती एक शिवण राहते. मग तो पोटाच्या टोकाला असलेल्या, रेशीम सोडणाऱ्या अंगांना चिकटवून ती सर्वत्र घेऊन हिंडते, शिकारसुद्धा त्याच्यासह करते. बिळात राहणाऱ्या जातींच्या माद्या उन्हाच्या वेळी बिळाच्या तोंडाशी येऊन पिशवी उन्हाकडे धरतात. पिशवी काढून घेतली तर मादी ती शोधत फिरते, आणि त्याच आकाराची दुसरी वस्तू मिळाली तर तीही उचलून चिकटवते. ही निष्ठा पाहण्यासाठी असला प्रयोग कोणी करू नये, कारण या धडपडीत खरी पिशवी कायमची टाकली जाऊ शकते.

तापमानानुसार काही आठवड्यांत अंडी उबतात. पिल्ले पिशवीतच पहिली कात टाकतात, पण शिवण स्वतः उसवू शकत नाहीत. ते काम आई आपल्या जबड्यांनी करते. बाहेर पडताच ती आईच्या पायांवरून चढून तिच्या पोटाच्या वरच्या बाजूवर, म्हणजे पाठीवर, जमतात आणि तिथल्या गाठीदार केसांना धरून राहतात. मोठ्या जातींत त्यांची संख्या शंभराच्या पुढे जाते आणि एकावर एक थर बसतात. सुमारे आठवडाभर ती शिकार खात नाहीत, अंड्यातून आलेल्या बलकावरच राहतात. पाणी मात्र लागते, आणि आई पाण्याच्या कडेला गेली की काही पिल्ले खाली उतरून पाणी पितात व परत चढतात. म्हणून आत्ता आपण एकच मदत करावी : कुंड्यांजवळ खडे घातलेली उथळ वाटी ठेवावी आणि ती कोरडी पडू देऊ नये.

अशी मादी आत आणली, तर हादऱ्यांमुळे आणि जागा बदलल्यामुळे ती पिशवी टाकून देण्याची किंवा खाऊन टाकण्याची शक्यता असते. ज्यांच्या पेटीत आधीपासूनच असलेल्या मादीने पिशवी केली आहे, त्यांनी पेटी बदलू नये, माती उकरू नये, फक्त पाणी आणि थोडे खाद्य देत राहावे. नर भेटलेला नसताना केलेली पिशवी निष्फळ असते आणि मादी ती पुढे सोडून देते. त्यात पाळणाऱ्याची काही चूक नसते.

निसर्गातील पिशवीबाबत आणखी एक शक्यता मनात धरून ठेवा. मॅन्टिस्पिड नावाचा, दिसायला छोट्या प्रार्थनाकीटकासारखा एक कीटक असतो. त्याच्या काही जातींची अळी कोळ्याच्या अंगावर चढून बसते आणि मादी पिशवी विणत असताना आत शिरून अंड्यांतील रस शोषते. अशा पिशवीतून पिल्लांऐवजी तो कीटक बाहेर पडतो. तसेच काही माश्यांच्या अळ्या थेट कोळ्याच्या पोटात वाढतात आणि शेवटी त्याला मारून बाहेर येतात. पकडून आणलेला कोळी सुस्त झाला, खाणे सोडले आणि पोट एका बाजूला विचित्र फुगले, तर हे कारण असू शकते. त्यावर उपाय नाही.

पिल्ले वाढवण्याविषयी मी शेवटी लिहीन. तोवर खाण्याबद्दल कोणी लिहिले तर बरे.

---

शेतबांध

खाण्याविषयी. भक्ष्य जिवंत आणि हलणारे हवे, कारण लांडगा कोळी मुख्यतः हालचाल आणि कंपने यांवरून शिकार ओळखतो. रातकिडे, लहान झुरळे, माश्या, पतंग हे सगळे चालते. आकार कोळ्याच्या शरीराएवढा किंवा त्याहून कमी असावा. प्रौढाला आठवड्यातून एकदा किंवा दोनदा आणि वाढीच्या कोळ्याला थोडे अधिक वेळा द्यावे. वारांचे गणित मांडण्यापेक्षा पोटाकडे पाहावे, हे उत्तम. पोट शरीराच्या पुढच्या भागापेक्षा किंचित मोठे असेल तर ठीक. तट्ट फुगले असेल तर काही दिवस खाणे थांबवावे. पोट सुरकुतले असेल, तर आधी पाण्याकडे लक्ष द्यावे. हा कोळी अन्नावाचून काही आठवडे काढू शकतो, पाण्यावाचून मात्र लवकर दगावतो. पाय आत वळायला लागले असतील, तर ओल्या कागदावर, तोंडाजवळ पाण्याचा थेंब येईल असे त्याला ठेवावे.

एकाच प्रकारचे भक्ष्य कायम देऊ नये, आणि भक्ष्याला स्वतःला चांगले खायला मिळाले पाहिजे. पार्डोसा या प्रजातीच्या लहान लांडगा कोळ्यांवर झालेल्या प्रयोगांत, निकृष्ट खाद्यावर वाढलेल्या फळमाश्या खाणाऱ्या पिल्लांपेक्षा पोषक खाद्यावर वाढलेल्या फळमाश्या खाणारी पिल्ले स्पष्टपणे अधिक चांगली वाढली आणि जगली. म्हणून रातकिडे देण्याच्या आदल्या दिवशी त्यांना कोंडा, गाजर, हिरवा पाला असे ताजे खाद्य द्यावे. घरात फवारणी केलेल्या ठिकाणी सापडलेले झुरळ किंवा माशी कधीही देऊ नये. तेवढे विष कोळ्याला मारायला पुरते.

कात टाकण्याचा काळ सर्वांत नाजूक असतो. त्याआधी कोळी खाणे सोडतो, रंग मंदावतो, आणि तो अनेकदा बीळ किंवा आडोसा आतून बंद करून घेतो. पुष्कळजण या वेळी तो आजारी आहे असे समजून उकरून काढतात, आणि तिथेच घात होतो. बीळ बंद असेल तर फक्त मातीचा एक कोपरा ओला ठेवावा आणि वाट पाहावी. न खाल्लेला रातकिडा एक दिवसानंतर पेटीत राहू देऊ नये. कात टाकताना कोळी पूर्णपणे असहाय असतो आणि भुकेला रातकिडा त्याला कुरतडतो. कात टाकल्यावर विषदंत फिकट आणि मऊ असतात. ते गर्द होईपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, खाद्य देऊ नये, पाणी मात्र ठेवावे.

---

मृद्गंध

मनापासून धन्यवाद. मादी आहे तिथेच राहू देतो आणि पाण्याची वाटी आजच ठेवतो. पिल्ले आईच्या पाठीवरून उतरू लागली की त्यांतील तीन-चार घेऊन वाढवावीत, असे आता ठरवले आहे. कातीण, त्याविषयी कृपया लिहावे.

---

कातीण

हा मार्ग मला सर्वांत योग्य वाटतो. पिल्लांपैकी बहुसंख्य निसर्गात लवकरच मारली जातात, त्यामुळे तीन-चार घेतल्याने बागेतल्या कोळ्यांच्या संख्येत फरक पडणार नाही. शिवाय लहानपणापासून वाढलेल्या कोळ्याचे वय आणि प्रत्येक कात आपल्याला नेमकी माहीत राहते.

पाठीवर असलेली पिल्ले काढू नका. ती आपणहून उतरून आजूबाजूच्या पानांवर एकेकटी दिसू लागली, की मऊ कुंचल्याने उचला. प्रत्येकाला वेगळी डबी हवी, कारण पांगल्यानंतर भावंडे एकमेकांना खातात. डबी लहानच असावी, औषधाच्या छोट्या बाटलीएवढी. फार मोठ्या जागेत पिल्लाला भक्ष्य सापडत नाही. तळाला दोन सेंटीमीटर ओलसर माती आणि एखादे वाळके पान घाला. झाकणाची छिद्रे सुईने पाडलेली असावीत, किंवा तोंडाला दाट विणीचे कापड बांधावे. मच्छरदाणीच्या जाळीतून ही पिल्ले सहज निसटतात. पाण्याची वाटी ठेवू नका, पिल्लू त्यात बुडू शकते. त्याऐवजी दर एक-दोन दिवसांनी डबीच्या भिंतीवर पाण्याचे बारीक थेंब द्या.

पहिल्या आठवड्यांत स्प्रिंगटेल (ओल्या मातीत राहणारे, उड्या मारणारे चिमुकले जीव) आणि न उडणाऱ्या लहान जातीच्या फळमाश्या हे उत्तम खाद्य आहे. स्प्रिंगटेल ओल्या पालापाचोळ्यातच मिळतात, आणि ते डबीतली बुरशीही खातात, म्हणून काही आत कायम असले तरी चालते. फळमाश्या दोन-तीन दिवसांनी एक-दोन एवढ्याच टाका. शेतबांध यांनी लिहिलेली विविधतेची गोष्ट पिल्लांना सर्वांत जास्त लागू पडते. नुसत्या फळमाश्यांवर ठेवलेली पिल्ले बहुधा काही कातींनंतर खुंटतात आणि मरतात, म्हणून थोडी वाढली की नुकतेच जन्मलेले रातकिडे सुरू करावेत.

टाकलेली प्रत्येक कात कागदाच्या पुडीत घालून तिच्यावर तारीख लिहावी. कातीवर डोळ्यांची मांडणी शाबूत राहते, आणि शेवटच्या काती भिंगाखाली पाहिल्या तर नर की मादी हेही ठरवता येते. नर निघाल्यास तो प्रौढ होताच, हवामान बरे असताना, जिथून आणला तिथे सोडून द्या. मादी ठेवायची असेल तर अष्टपाद यांनी सांगितलेली पेटी तोवर तयार करून ठेवा आणि तिच्यातली माती आधी काही आठवडे मुरू द्या.